पक्ष, साध्य आणि सिद्धता

चिखली-मोशीकडे एखाद्या नव्या घराची आखणी चालू असेल तर तिथे पाच मिनिटे थांबून पाहावे. पायाच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात यायला हव्या असतात. गवंड्याजवळचा गुण्या लहान. एवढ्या लांबीला तो पुरत नाही. मग गवंडी एका दोरीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसरीवर चार फुटांवर, आणि त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरेपर्यंत एक दोरी इकडेतिकडे सरकवतो. पाच फूट भरले की खुंटी ठोकायची. कोपरा काटकोनात आला.

शिकलेला माणूस कौतुकाने म्हणतो, ‘पाहा, याला नकळत पायथागोरसचे प्रमेय येते!’ पण जरा बारकाईने पाहिले तर तो वापरतो ते पायथागोरसचे प्रमेय नव्हे. ते प्रमेय सांगते, की त्रिकोणात काटकोन असेल तर कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. गवंड्याजवळ काटकोन अजून आलेलाच नाही. तोच तर त्याला मिळवायचा आहे. त्याच्या हातात आहेत त्या लांब्या, आणि लांब्यांवरून तो काटकोनाकडे जातो. शाळेत याला आपण ‘व्यत्यास’ म्हणत असू. दहावीच्या भूमितीत पायथागोरसच्या प्रमेयाच्या मागोमाग त्याचा व्यत्यास येई आणि मुले मनातल्या मनात कपाळाला हात लावीत, की एकदा सिद्ध केलेले पुन्हा उलटे कशाला सिद्ध करायचे?

त्या ‘कशाला’चे उत्तर बहुतेकांना शाळा सुटल्यावरही मिळत नाही. गणिताने बुद्धीला वळण लागते, माणूस तर्काने विचार करू लागतो, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो. ते खरे आहे का, असेल तर कोणत्या गणिताने आणि कशा रीतीने शिकलेल्या, याची चौकशी मात्र आपण क्वचितच करतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ही चौकशी करण्याला विशेष अर्थ आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर भोसरी-आकुर्डी भरत गेली, आणि २००९ पर्यंत चाकणच्या माळावर परदेशी मोटारी तयार होऊ लागल्या. इथल्या हजारो घरांतली मुले दहावी किंवा आयटीआय होऊन यंत्रापुढे उभी राहतात. ‘आई, हे प्रमेय शिकून मला काय मिळणार?’ हा प्रश्न या घरांत नुसता कंटाळ्याचा नसतो, तो पोटापाण्याचाही असतो.

*

मराठी शाळेतली भूमिती तीन शब्दांनी सुरू होते. पक्ष, साध्य, सिद्धता. जे दिलेले आहे तो पक्ष, जे दाखवून द्यायचे ते साध्य, आणि दोहोंमधली वाट म्हणजे सिद्धता. यातले पहिले दोन शब्द युक्लिडच्या गावचे नाहीत. ते आपल्या न्यायशास्त्रातले आहेत. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे नैयायिकांचे नेहमीचे उदाहरण. त्यात डोंगर हा पक्ष, अग्नी हे साध्य, धूर हा हेतू आणि स्वयंपाकघर हा दृष्टांत. शाळेच्या भूमितीत येताना ‘पक्ष’चा अर्थ थोडा सरकला, पण शब्द टिकला. दुपारी तीनच्या तासाला पेंगुळलेली मुले वहीत ‘पक्ष’ लिहून समोर दोन टिंबे देतात, तेव्हा एका फार जुन्या वादपरंपरेचा शब्द ती गिरवीत असतात.

नैयायिकांनी आणखी एक गोष्ट हेरली होती. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरे. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरे नाही. त्यासाठी त्यांचे उदाहरण होते तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचे. त्यात अग्नी आहे, धूर नाही. फोर्जिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला हे उदाहरण पुस्तकातून वाचावे लागणार नाही; भट्टीतून निघालेला लालबुंद तुकडा तो रोज पाहतो. व्यत्यास आपोआप खरा धरू नये, हा धडा आपल्याकडे असा लोखंडाच्या गोळ्यावर कोरून ठेवलेला होता.

*

तर्काच्या शाळेतला पहिला धडा म्हणजे मोजणे आणि सिद्ध करणे यांतला फरक. वर्गातल्या पन्नास मुलांनी पन्नास त्रिकोण काढले, कोनमापकाने कोन मोजले, बेरजा केल्या, तर कुणाची बेरीज १७९ येईल, कुणाची १८१. पन्नासांच्या पन्नास बरोबर १८० आल्या, तरी एक्कावन्नाव्या त्रिकोणाविषयी त्यावरून काही ठरत नाही. मग फळ्यावर त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली जाते, व्युत्क्रम कोनांची जोडी जुळते, आणि चार ओळींत जगातले सगळे त्रिकोण निकालात निघतात. काढलेले, न काढलेले, पुढे कधी काढले जाणारे. हे ज्या मुलाला एकदा खरोखर जाणवले, त्याला ‘पुष्कळदा असे होते’ आणि ‘असेच होणार’ यांतले अंतर कळले.

यालाच लागून एक घरगुती खेळ सांगतो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी तो जगाला दिला. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर पुन्हा करून पाहा, ६१७४च येते. कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात पायऱ्यांत इथे पोचतो. मुलांना विचारा, ‘कशावरून?’ दहा उदाहरणे करून पाहिली, हे पुरेसे उत्तर नाही. पण इथे एक गंमत आहे. चार अंकी संख्या मोजक्याच आहेत. त्या सगळ्या, एकही न वगळता, तपासून झाल्या तर तीही सिद्धताच होते. त्रिकोणांच्या बाबतीत हा मार्ग बंद असतो, कारण त्रिकोण संपत नाहीत. तपासणी कुठे पुरते आणि कुठे पुरत नाही, हे ओळखणे म्हणजे निम्मा तर्क.

*

आता यंत्रापाशी जाऊ. भोक तपासायचे गेज पाहिलेल्यांना माहीत असेल, त्याला दोन टोके असतात. एक ‘गो’, दुसरे ‘नो गो’. ‘गो’चे माप भोकाच्या सर्वांत लहान चालणाऱ्या मापाइतके, ते आत गेलेच पाहिजे. ‘नो गो’चे माप सर्वांत मोठ्या चालणाऱ्या मापाइतके, ते आत जाता कामा नये. भोक बरोबर असेल तर ‘गो’ आत जाते, हे खरे. पण ‘गो’ आत गेले म्हणून भोक बरोबर, असे म्हणणाऱ्याने व्यत्यास गृहीत धरला. भोक गरजेपेक्षा मोठे असले तरी ‘गो’ खुशाल आत जाईल. दुसरे टोक त्यासाठीच आहे. माणसाच्या बुद्धीला उलट दिशेने घसरायची खोड आहे, हे ओळखून कुणीतरी ते पोलादात घडवून ठेवले. पाळी संपत आलेली असताना घाईत फक्त ‘गो’ लावून पाहणारा कामगार आळशी असतोच असे नाही. दुसऱ्या टोकाचे कारण त्याला कुणी सांगितलेले नसते, एवढेच.

मोठे भोक पडले तर माल परत येतो, रिजेक्शन वाढते. पण हीच चूक प्रेसवर झाली तर? वीज तोडली की यंत्रावरचा दिवा विझतो, हा नियम हेल्परला ठाऊक असतो. अडकलेला पत्र्याचा तुकडा काढायला तो वाकतो, दिव्याकडे पाहतो. दिवा विझलेला आहे. म्हणजे वीज तोडलेली आहे, असे मन सांगते. पण दिवा विझायला आणखीही कारणे असतात. दिवा जळालेला असेल, त्याची वायर तुटलेली असेल. नियम खरा होता, व्यत्यास खोटा होता, आणि दोहोंच्या मधे माणसाचा हात होता. पॉवर प्रेसखाली बोटे जाणे ही वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांतली जुनी, ठसठसती जखम आहे. तिची कारणे पुष्कळ: गार्ड नसलेली यंत्रे, उत्पादनाचा लकडा, अपुरे प्रशिक्षण. तो दोष कामगाराच्या तर्कावर ढकलणे अन्यायाचे होईल. गार्ड बसवणे हे मालकाचेच काम. परंतु मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, मग कळ दाबून खात्री करा, हा सुरक्षिततेचा नियम ज्याला पाठ आहे आणि ज्याला पटला आहे, अशा दोघांत रात्री तीन वाजता फरक पडतो. पाठ केलेला नियम घाईत गळून पडतो. कारणासह समजलेला नियम सहसा टिकतो.

*

तरीही मूळ प्रश्न उरतोच. भूमिती शिकलेल्या मुलाला हा तर्क यंत्रापाशी आठवतो का? इथे आपल्या आवडत्या समजुतीला थोडा धक्का बसतो.

अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२४ साली हजारो शाळकरी मुलांच्या चाचण्यांवरून असे दाखवले, की भूमिती किंवा लॅटिन घेतल्याने सर्वसाधारण विचारशक्तीत पडणारा फरक अगदी किरकोळ असतो. मुळात चांगला विचार करणारी मुले असे विषय घेतात, आणि मग श्रेय विषयाला मिळते. म्हणजे ‘गणितवाले हुशार’ यावरून ‘गणिताने हुशार’ असा निष्कर्ष काढणारे आपण स्वतःच व्यत्यासाच्या खड्ड्यात! आपल्याकडे र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि पुढे कडवे बुद्धिवादी म्हणून गाजले. गणितातून विवेक येतो याचा पुरावा म्हणून त्यांचे नाव घ्यायचा मोह होतो. पण एका उदाहरणाने प्रमेय सिद्ध होत नाही, हे त्यांनीच आधी सांगितले असते.

१९६६ साली पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक साधे कोडे मांडले. मराठीत ते असे सांगता येईल. चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. समोर दिसतात अ, क, ४ आणि ७. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला गेला आहे का, हे ठरवायला कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक लोक ‘अ आणि ४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ आणि ७’. ४च्या मागे काहीही असले तरी नियम मोडत नाही; ७च्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो. सुशिक्षितांतही दहांत एखाद्यालाच हे जमते. पण तोच नियम ओळखीच्या कपड्यांत आणला की चित्र पालटते. ‘बिअर पिणारा अमुक वयाच्या पुढचा हवा’ असा नियम देऊन १९८२ साली अमेरिकेत हेच विचारले, तेव्हा बहुतेकांनी अचूक ओळखले, की बिअर पिणाऱ्याचे वय पाहायचे आणि लहान वयाचा काय पितो ते पाहायचे. याचा अर्थ तर्क माणसात असतो, पण अनोळखी वस्तूपुढे तो बुजतो.

आणि तरी गणिताच्या बाजूनेही पुरावा आहे. नीना ॲट्रिज आणि मॅथ्यू इंग्लिस या संशोधकांनी २०१३ साली इंग्लंडमधल्या, आपल्या अकरावीच्या वयाच्या, विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही गणित शिकणारे, काही इंग्रजी साहित्य शिकणारे. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही गटांना ‘जर-तर’ची विधाने दिली. गणिताच्या मुलांत बदल झालेला दिसला. व्यत्यासासारखे फसवे निष्कर्ष नाकारण्यात ती सरस झाली होती, आणि तेही तर्कशास्त्र असे वेगळे काही न शिकवता. मात्र ती इतकी साशंक झाली, की काही बरोबर निष्कर्षही नाकारू लागली! बदल मर्यादित होता, पण होता. गणित माणसाला तर्कपंडित करीत नाही. ‘थांब, हे खरेच यातून निघते का?’ असे विचारायची सवय थोडी लावते.

*

ही सवय कोणत्या गणिताने लागते, हे आता सांगता येईल. सिद्धतेतली प्रत्येक ओळ लिहिल्यावर उजवीकडे कंसात कारण लिहायचे असते: ‘पक्ष’, ‘विरुद्ध कोन’, ‘रचना’. सगळे मोल त्या कंसात आहे. गाइडमधली सिद्धता शब्दशः पाठ करणाऱ्या मुलाच्या वहीत कंसही भरलेले असतात, पण ते नवसासारखे, नेमके ठिकाणावर आणि अर्थावाचून. आकृतीतली अक्षरे बदलली की त्याची गाडी रुळावरून घसरते. अशा पाठांतरातून गुण मिळतील. तर्क मिळणार नाही, उलट एक वाईट धडा मिळेल, की कारण ही दुसऱ्याने पुरवायची वस्तू आहे.

कारखान्याला मात्र नेमका कंसच हवा असतो. टोयोटात तायची ओनो यांनी रुजवलेली ‘पाच वेळा का’ ही पद्धत या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत भिंतीवर लावलेली दिसते. यंत्र का थांबले? फ्यूज उडाला. का? भार वाढला. का? बेअरिंगला तेल पोचले नाही. का? पंप नीट ओढत नव्हता. का? गाळणी नसल्याने कीस आत शिरून पंपाचा दांडा झिजला. फ्यूज बदलणारा उद्या पुन्हा फ्यूज बदलेल. गाळणी बसवणारा सुटला. भूमितीत आपण पक्षाकडून साध्याकडे उतरतो, इथे साध्याकडून पक्षाकडे चढायचे. आणि चढून झाल्यावर तीच साखळी ‘म्हणून, म्हणून’ करीत खाली वाचून पाहायची. कुठे कडी निसटली तर लगेच कळते. जपानमध्ये १९६२ साली सुरू झालेली क्वालिटी सर्कलची चळवळ १९८० साली हैदराबादच्या भेलमधून भारतात आली. दहावी-आयटीआय झालेले कामगार अशा मंडळांत उभे राहून मराठीतून आपली कारणमालिका मांडतात, आणि समोरचा ‘कशावरून?’ म्हणाला तर मापे दाखवतात. शाळेत भूमितीला घाबरलेला माणूस तिथे अस्सल भूमिती करीत असतो.

बँकेतली माझी उमेद या तर्काची दुसरी बाजू पाहण्यात गेली. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला माणूस एकरकमी पैसे घेऊन येतो आणि विचारतो, ‘साहेब, एक जण दरमहा पाच टक्के देतोय, टाकू का?’ नको म्हटले तर त्याला वाटते, बँकवाला आपल्या ठेवीसाठी बोलतो. तेव्हा नववीतली अप्रत्यक्ष सिद्धता कामी येते. म्हणावे, ‘धरून चालू, तो खरे बोलतोय. व्याज न काढता तिथेच ठेवले तर एक लाखाचे वर्षात जवळपास एक लाख ऐंशी हजार होतात. वीस वर्षांत किती?’ कॅल्क्युलेटर त्याच्याच हातात द्यावा. उत्तर बाराशे कोटींच्या पुढे जाते. एक लाखाचे बाराशे कोटी करून देणारा माणूस तुमच्या दारात एक लाख मागायला का येईल? गृहीतातून अशक्य गोष्ट निघाली, म्हणजे गृहीतच खोटे. असे स्वतः काढलेले उत्तर दुसऱ्याने केलेल्या उपदेशापेक्षा जास्त पटते.

*

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातल्या एका तरतुदीवर बरीच चर्चा झाली. दहावीत गणित-विज्ञानात पस्तीसपेक्षा कमी पण वीस वा अधिक गुण मिळालेल्या मुलाला, पुढे ते विषय न घेण्याच्या अटीवर, अकरावीत जाऊ द्यावे, अशी ती तरतूद. एका विषयापायी मुलाचे शिक्षण थांबू नये, हा हेतू चांगला आहे. नापासाच्या शिक्क्याने किती घरे कोमेजतात, हे कोण जाणत नाही? मात्र या सवलतीतून ‘गणित हे फक्त इंजिनिअर होणाऱ्यांचे’ असा निष्कर्ष पालकांनी काढू नये. इंजिनिअर होणाऱ्याला तर्क पुढेही शिकवला जाईल. जो दहावीनंतर थेट प्रेसपाशी, लेथपाशी किंवा असेंब्लीच्या रांगेत उभा राहणार आहे, त्याला तो शाळेतच मिळाला पाहिजे, कारण पुढे सावकाश शिकवायला कुणी बसलेले नसेल. वीस गुण का पस्तीस, हा हिशेब मंडळ करील. त्या गुणांत कंसातली कारणे किती, हे पाहणे शिक्षकांच्या आणि आईबापांच्या हातात आहे.

त्यासाठी आईबापांना भूमिती यायला हवी, असेही नाही. मुलगी वही घेऊन बसली की तिच्या एखाद्या ओळीवर बोट ठेवावे आणि विचारावे, ‘हे कशावरून?’ ती सांगू लागली तर ऐकावे. अडली तर रागावू नये, तिला शोधू द्यावे. आणि एखाद्या दिवशी तिने आपल्याच बोलण्यावर बोट ठेवून ‘बाबा, हे कशावरून?’ असे विचारले, तर उलट उत्तर देते म्हणून डोळे वटारू नयेत. कारण सांगावे. सांगता येत नसेल तर आपले विधान मागे घ्यावे.